खेळ अडखळतो कोठे?



संगणकावरील खेळ हा विषय वसंत व्याख्यानमालेत कसा काय आला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात उभा राहिला असेल. प्रश्न रास्त आहे. या खेळांना २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतले आणि २०२३ साली हांगचौ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्यासाठी पदकेही ठेवली गेली, एवढे सांगून मला सुटता आले असते. परंतु माझे खरे कारण याहून साधे आहे. ते पैशाचे आहे.

समजा, गोरेगाव तालुक्यातल्या एका घरी धानाचे चुकारे हाती आले आहेत. मुलगा बारावी चांगल्या गुणांनी पास झाला म्हणून बापाने त्याला संगणकासाठी नवा पडदा, म्हणजे मॉनिटर, घेऊन दिला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १४४ हर्ट्झ असे छापलेले. मुलाने तो जोडला, खेळ सुरू केला, आणि त्याला काहीच फरक जाणवेना. मोटार वळणावर पूर्वीसारखीच झटके खात वळते. मुलगा दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, तुमचे ग्राफिक्स कार्ड जुने झाले, नवे टाका. म्हणजे आणखी काही हजार रुपये. ते कार्डही येते, आणि पडदा पहिल्या दिवसापासून जसा ६० हर्ट्झवर चालत होता तसाच ६० वर चालत राहतो; कारण रोग कार्डात नव्हताच, तो संगणकाच्या एका यादीत निवडलेल्या एका आकड्यात होता. तो आकडा बदलण्यास दमडीही लागत नाही. येथे दुकानदाराला लबाड ठरवण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे रोगी आलेला नसतो, फक्त तक्रार आलेली असते. रोग्याची नाडी घरीच पाहावी लागते, आणि ती कशी पाहावी हेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम दोन संज्ञांचा अर्थ पक्का करू. मॉनिटरचा पडदा आपल्यावरील चित्र एका सेकंदात जितक्या वेळा नव्याने रेखतो, त्या संख्येला इंग्रजीत रिफ्रेश रेट म्हणतात. मी तिला पडद्याची चाल म्हणणार आहे. ती हर्ट्झ या एककात मोजतात. हे नाव हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचे, आणि आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत ते १९६० साली रुजू झाले. आपले जुने वायरमन विजेच्या बाबतीत 'पन्नास सायकल' म्हणतात तो हिशेब हाच. दुसरी संख्या वेगळी. खेळ चालू असताना संगणक सेकंदाला किती नवी चित्रे तयार करतो, ती ही संख्या. तिला फ्रेम रेट किंवा एफपीएस म्हणतात. मी तिला चित्रगती म्हणेन. पडद्याची चाल आणि चित्रगती या दोन गोष्टी भिन्न आहेत. या विषयातील निम्मा घोटाळा त्या एकच मानल्यामुळे होतो.

सिनेमाच्या यंत्रघरात बसणाऱ्या माणसाला हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक होता. बोलपटांची फीत सेकंदाला २४ चित्रे या वेगाने सरके. पण सेकंदाला २४ वेळा प्रकाश पडून विझला तर डोळ्यांपुढे स्पष्ट लुकलुक दिसते. म्हणून यंत्रापुढे दोन पात्यांची फिरकी बसवीत; ती प्रत्येक चित्र दोनदा दाखवी, आणि पडद्यावर सेकंदाला ४८ झळका पडत. म्हणजे चित्रगती २४ आणि पडद्याची चाल ४८. काही यंत्रांत तीन पाती असत, तेथे चाल ७२ होई. प्रेक्षकाला लुकलुक दिसेनाशी होई, पण म्हणून हालचालीत नवी भर पडत नसे. तेच चित्र पुन्हा दिसे, इतकेच.

आणि चित्रे घेण्याचा वेग व ती दाखवण्याचा वेग यांची फारकत किती दूर नेता येते, हे तर आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली करून दाखवले होते. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या आधी भांडवल मिळवायचे म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिन्याभराहून अधिक काळ थांबून थांबून एकेक चित्र घेतले. ती फीत सलग चालवल्यावर अंकुर जमिनीतून वर येऊन वेल होताना बघणाऱ्यांना डोळ्यांदेखत दिसला. पडदा नेहमीच्याच चालीने चालत होता. बदललेली होती ती चित्रे घेण्याची गती. हा दाखला ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सारे सोपे जाईल.

आता थोडे गणित. पडदा ६० हर्ट्झने चालतो, तेव्हा एक चित्र पडद्यावर सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. १४४ हर्ट्झला हा काळ ६.९ मिलिसेकंदांवर येतो आणि २४० ला ४.२ वर. यातून एक गंमत दिसते. ६० वरून १४४ वर गेल्याने जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. तेथून २४० वर उडी घेतली तरी तीनाच्या आत. म्हणून ६० ते १४४ हा फरक सामान्य डोळ्याला सहज कळतो, आणि पुढचा फरक कळायला सराव लागतो. माझ्या मते घरगुती खेळासाठी २४० च्या मागे लागणे हा हौसेचा भाग आहे. ज्यांना परवडते त्यांनी जरूर करावी.

पडद्याची खरी चाल डोळ्यांनी तपासण्याची एक फुकट रीत आहे. उंदराचा, म्हणजे माऊसचा, बाण पडद्यावर भराभर गोल फिरवा. डोळ्यांना एकाऐवजी बाणांची रांग दिसेल. ६० हर्ट्झला त्या बाणांत मोठी अंतरे असतात. १४४ ला बाण दाट येतात. शेजारच्या घरचा चांगला चालणारा पडदा पाहून आलात तर हा फरक आणखी ठळकपणे कळेल.

संगणकाने खेळातले एक चित्र तयार केल्यापासून ते आपल्या डोळ्यांपर्यंत पोचण्याचा मार्ग समजायला आपल्या जिल्ह्यातला माणूस विशेष योग्य आहे, कारण तो तलावांच्या प्रदेशात राहतो. मामा तलावातून पाणी सुटते, पाटाने वाहते आणि बांधीत पोचते. बांधीला पाणी कमी पडले तर दोष कोठे आहे? तलाव आटला असेल, तलावाचे दार अर्धवट उघडे असेल, पाट अरुंद असेल, किंवा बांधीचे तोंडच लहान ठेवले असेल. तलाव तुडुंब भरलेला असताना नवा तलाव खोदायला घेणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही. संगणकात तलाव म्हणजे त्याची चित्रे काढण्याची ताकद. दार म्हणजे खेळात आणि विंडोजमध्ये घातलेली मर्यादा. पाट म्हणजे केबल आणि तिच्या दोन्ही टोकांच्या खाचा. आणि बांधी म्हणजे पडदा. सगळ्यांत अरुंद जागा कोणती, तिच्यावर शेवटचा प्रवाह ठरतो.

मग ती अरुंद जागा ओळखायची कशी? येथे एक खूण आहे, आणि या व्याख्यानातले एवढे एकच ध्यानात राहिले तरी मला पुरे आहे. खेळ चालू असताना चित्रगतीचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल अशी सोय करा. स्टीममध्ये ती सोय आहे. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि जी ही कळ एकदम दाबली तर उघडणाऱ्या गेम बारमध्येही आहे. आता खेळा, आणि आकडा पाहा. तो ६० वर, ३० वर, १२० वर असा एखाद्या गोल संख्येवर खिळून बसला असेल, मैदान मोकळे असो की गर्दीचे, हलतच नसेल, तर ते यंत्राचे दमणे नव्हे. कोणीतरी दार लावले आहे. उलट आकडा ७३, ५८, ४१, ६६ असा भटकत असेल, गर्दीत खाली जाऊन मोकळ्या जागी वर येत असेल, तर दार उघडे आहे आणि यंत्र आपल्या ताकदीप्रमाणे राबते आहे. खिळलेला आकडा म्हणजे बंधन. भटकणारा आकडा म्हणजे श्रम. बंधन सोडवण्यास पैसे क्वचितच लागतात. श्रम हलका करण्यास कधी लागतात, कधी नाही.

तिसराही एक प्रकार संभवतो, आणि तो फसवा आहे. आकडा १३० दाखवतो आणि तरी हालचाल ६० ची वाटते. तेथे यंत्र चित्रे काढते आहे, पण पडदाच त्यांतली निम्म्याहून अधिक चित्रे पूर्ण दाखवू शकत नाही. आपल्या गोरेगावच्या मुलाचा रोग बहुधा हाच.

त्याच्यापासून आरंभ करू. विंडोज १० आणि ११ मध्ये नवा पडदा जोडला की चाल पुष्कळदा ६० वरच ठेवली जाते. 'सेटिंग्ज' उघडा, त्यात 'सिस्टिम', त्यात 'डिस्प्ले', आणि तेथे खाली 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'. तेथे पडद्याचे नाव आणि चालू असलेली चाल दिसते, आणि दुसरी निवडण्याची यादीही असते. १४४ यादीत असेल तर निवडा, काम झाले. येथेच कित्येकांचे दुखणे संपते. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर त्याच्या नियंत्रण पटलातही अशीच यादी असते, पण तिच्यात एक खोच आहे. वरच्या बाजूस दूरचित्रवाणीच्या मापांचा गट असतो आणि तोच प्रथम दिसतो. त्यात कमी चाली असतात. यादी खाली सरकवल्यावर 'पीसी' असा दुसरा गट येतो, आणि हवी ती चाल तेथे सापडते.

याच यादीत काहींना ६० च्या जोडीला ५९.९४ असा विचित्र आकडा दिसतो आणि ते घाबरतात. त्यात बिघाड काहीच नाही. अमेरिकेने १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत स्वीकारली, तेव्हा रंगाचा संकेत जुन्या कृष्णधवल संकेतात बसवण्यासाठी ६० ला १.००१ ने भागावे लागले. तो भागाकार म्हणजे ५९.९४. आपल्याकडे दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली. आपण ५० ची युरोपीय पद्धत घेतली, त्यामुळे ही भानगड आपल्या घरात कधी आली नव्हती. ती संगणकामार्फत आली.

यादीत १४४ दिसतच नसेल तर पाटाकडे वळा. पहिली गोष्ट, केबल कोठे खोचली आहे ते पाहा. संगणकाच्या पेटीच्या मागे दोन ठिकाणी खाचा असतात. वरच्या भागात माऊस-कीबोर्डच्या शेजारी असतात त्या मुख्य पट्टीच्या. त्यांच्या खाली, बहुधा आडव्या ओळीत, असतात त्या ग्राफिक्स कार्डाच्या. केबल वरच्या खाचेत असेल तर महागडे कार्ड पेटीत नुसते बसून राहते आणि खेळाचा भार प्रोसेसरमधल्या साध्या चित्रयंत्रावर पडतो. हे वाचायला हास्यास्पद वाटते. पण टेबल भिंतीला लावलेले, मागे अंधार, आणि हाताला लागेल त्या खाचेत केबल खोचलेली, ही स्थिती घरोघर आढळते.

दुसरी गोष्ट, केबलची जात. येथे हिशेब मांडून पाहिल्याशिवाय पटणार नाही. नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट लागतात. एक चित्र म्हणजे सुमारे ५ कोटी बिट. सेकंदाला ६० चित्रे धाडायची तर जवळजवळ ३०० कोटी बिट, आणि १४४ धाडायची तर सुमारे ७१७ कोटी. फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ठिपके चौपट, म्हणून तेथे ६० लाच सुमारे ११९४ कोटी लागतात. आता पाटाची रुंदी पाहा. एचडीएमआयच्या १.४ या जुन्या आवृत्तीतून चित्रासाठी सेकंदाला सुमारे ८१६ कोटी बिट जातात, २.० मधून १४४० कोटी. फोर-के पडदा जुन्या पाटाला जोडला की तो ३० हर्ट्झवर का येतो, हे आता सांगावयास नको. तेथे माऊसचा बाणसुद्धा चिखलातून चालल्यासारखा जड होतो. पाट अरुंद असण्यास पाटाचे दोन्ही मुखही कारण असते. केबल नवी घेतली पण पडद्याची किंवा संगणकाची खाच जुनी असेल तर उपयोग नाही. काही पडद्यांत तर एचडीएमआयच्या खाचेची मर्यादा कमी आणि शेजारच्या डिस्प्लेपोर्टची जास्त असते. अशा वेळी डिस्प्लेपोर्टची केबल लावणे हाच उपाय, आणि पुष्कळ पडद्यांच्या खोक्यात ती मिळते. ती न उघडता माळ्यावर गेलेली असते.

कार्यालयांतून निघालेले जुने संगणक आपल्याकडे बरेच विकले जातात. ते घेण्यात काहीच कमीपणा नाही. शिकणाऱ्या मुलाला ते उत्तम. पण त्यांच्यासोबत निळ्या टोकाची व्हीजीए केबल येते, आणि नव्या पडद्याला ती जोडायला मध्ये एक छोटा परिवर्तक लावला जातो. असे परिवर्तक बहुधा ६० च्या पुढे जात नाहीत. परिवर्तक काढून सरळ केबल लावता येत असेल तर आधी ती लावा.

टीव्ही हाच पडदा म्हणून वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. पुष्कळ टीव्हींत एचडीएमआयच्या खाचेची पूर्ण रुंदी आरंभी बंद ठेवलेली असते. टीव्हीच्याच सेटिंगमध्ये जाऊन त्या खाचेसाठी 'एन्हान्स्ड' किंवा तत्सम नावाची निवड करावी लागते. 'गेम मोड' तर लावावाच; त्याने चाल वाढत नाही, पण चित्रावर टीव्ही जी रंगरंगोटी करीत बसतो ती थांबते आणि कळ दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा उशीर घटतो.

केबल ठीक आहे, विंडोजमध्ये १४४ निवडलेले आहे, बाणांची रांगही दाट दिसते, आणि खेळ उघडला की पुन्हा ६०! येथे दार खेळात आहे. याची कारणे मुख्यतः तीन. खेळ पूर्ण पडदा घेऊन चालतो तेव्हा तो आपल्याला हवे ते माप आणि हवी ती चाल मागू शकतो. जुने खेळ ६० मागतात. खेळाच्या व्हिडिओ विभागात चालीची निवड असेल तर तेथे बदला, नसेल तर 'बॉर्डरलेस' निवडून पाहा, म्हणजे तो विंडोजच्या चालीने चालेल. दुसरे कारण, खेळ हलका व्हावा म्हणून आपण माप १२८० गुणिले ७२० केलेले असते. प्रत्येक पडदा संगणकाला जोडताच आपण कोणत्या मापाला कोणती चाल देऊ शकतो याची यादी सांगतो, आणि लहान मापांपुढे त्या यादीत कित्येकदा ६० च लिहिलेले असते. म्हणजे हलके करायला गेलो आणि चाल गमावून बसलो. अशा वेळी माप पूर्ण ठेवून सावल्या, धुके, प्रतिबिंबे यांचा दर्जा उतरवावा. किंवा खेळात 'रेंडर स्केल' अशी सोय असेल तर ती कमी करावी, म्हणजे आतले चित्र लहान निघते पण पडद्याशी बोलणी पूर्ण मापाचीच होतात.

तिसरे कारण व्ही-सिंक, आणि त्यावर थोडे थांबावे लागेल. पडदा वरून खाली चित्र रेखीत असताना मध्येच नवे चित्र आले तर वरचा अर्धा भाग जुना व खालचा नवा असे फाटलेले चित्र दिसते. ते टाळण्यासाठी व्ही-सिंक नव्या चित्राला पुढच्या फेरीपर्यंत थांबवते. गोंदिया स्टेशनात बल्लारशाकडे जाणारी गाडी एका मिनिटाने चुकली म्हणजे एका मिनिटाने उशीर होत नाही; पुढच्या गाडीपर्यंत बसावे लागते. तसेच येथे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक १६.७ मिलिसेकंदांनी गाडी सुटते. चित्र तयार व्हायला १७ मिलिसेकंद लागले की गाडी चुकली, आणि ते ३३ व्या मिलिसेकंदाला दिसणार. यंत्राची ताकद ५८ ची असूनही आकडा ३० वर खिळतो! जुन्या, दोनच चित्रे हाताशी ठेवणाऱ्या खेळांत हे हमखास होते. ३० वर खिळलेला आकडा दिसला की प्रथम व्ही-सिंक बंद करून पाहा. आकडा सुटून ५०-५८ मध्ये भटकू लागला तर निदान झाले. या अडचणीवर खरा तोडगा असा निघाला की गाडीनेच प्रवाशासाठी थांबावे: चित्र तयार होईल तेव्हा पडद्याने ते रेखावे. एनव्हिडियाने २०१३ साली जी-सिंक या नावाने ही योजना पुढे आणली. एएमडीची फ्रीसिंक तिच्या मागोमाग आली. पडद्यात अशी सोय असेल तर ती पडद्याच्या स्वतःच्या यादीतही चालू करावी लागते. मला विचाराल तर १४४ आणि १६५ यांत निवड करण्यापेक्षा ही सोय असलेला पडदा निवडणे अधिक हिताचे.

आता भटकणाऱ्या आकड्याकडे येऊ. येथे तलावातच पाणी कमी आहे. पण कोणत्या तलावात? संगणकात चित्रे काढणारे ग्राफिक्स कार्ड आणि खेळाचा सगळा हिशेब ठेवणारा प्रोसेसर असे दोघे राबतात. कोण मागे पडतो हे पाहण्यासाठी चित्राचे माप काही वेळ एकदम उतरवा. चित्रगती उसळून वर गेली तर भार ग्राफिक्स कार्डावर होता. जवळजवळ तेवढीच राहिली तर प्रोसेसर मागे पडतो आहे, आणि अशा वेळी नवे ग्राफिक्स कार्ड घेणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. ही दोन मिनिटांची परीक्षा केल्याशिवाय कोणीही कार्ड विकत घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. वेगळे कार्ड नसलेल्या संगणकात आणखी एक स्वस्त सुधारणा संभवते: तेथे चित्रयंत्र आणि प्रोसेसर एकाच स्मृतीवर, म्हणजे रॅमवर, जगतात. १६ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या असतील तर दोन वाटांनी माहिती वाहते आणि खेळात चांगलाच फरक पडतो.

आणि मग आपला उन्हाळा. खेळ आरंभी उत्तम चालतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी आकडा घसरू लागतो, असे असेल तर तो ताप आहे. प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. जानेवारीत खोलीत २५ अंश असतात, मे महिन्यात कूलर नसलेल्या खोलीत ४० च्या पुढे. खोली जितकी तापली जवळजवळ तितकाच आतला तुकडा अधिक तापतो. हिवाळ्यात निर्दोष चालणारा संगणक उन्हाळ्यात आजारी पडतो तो यामुळे. राईस मिलच्या परिसरात राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. भुशाची बारीक धूळ पंख्याच्या पात्यांत आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांत नमद्यासारखी बसते. संगणक बंद करून, तार काढून, पेटीचे झाकण उघडून मऊ ब्रशने ती काढावी. पंखा बोटाने धरून ठेवावा, हवेच्या झोताने गरगरू देऊ नये. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळणाऱ्याने तो टेबलावर ठेवावा. लॅपटॉप बॅटरीवर असताना तर तो चित्रगती मुद्दाम कमी करतो, आणि काही लॅपटॉप पडद्याची चालही ६० वर आणतात. म्हणून परीक्षा घ्यायची ती चार्जर लावूनच घ्यावी. मोबाईलचेही तेच. ९० किंवा १२० चालीचे मोबाईल आता पुष्कळांच्या खिशात आहेत, आणि बॅटरी वाचवण्याची सोय चालू केली की त्यांतले बरेच ६० वर येतात.

या सगळ्या तपासणीत एक शिस्त पाळावी लागते: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडा कागदावर लिहा. केबल, ड्रायव्हर आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलून खेळ सुधारला तर आनंद होतो खरा, पण रोग कोणता होता ते कळत नाही, आणि तो परत आला की पुन्हा तिन्ही उलथेपालथे करावे लागते. ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारी आज्ञावली. विंडोज नव्याने टाकल्यावर ती बसवायची राहून गेली तर संगणक 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' या कामचलाऊ आज्ञावलीवर चालतो. तेथे चाल निवडण्याची यादीच बहुधा मिळत नाही. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये हे नाव दिसले तर बाकीचे सारे बाजूला ठेवून कार्डाच्या उत्पादकाचा ड्रायव्हर आधी बसवावा.

आणि एवढे करूनही पडदा ६० चाच निघाला, त्याच्या मागच्या पट्टीवरचा नमुना क्रमांक पाहून माहितीपत्रकातही ६० च आढळले, तर? तर तो ६० चा पडदा आहे, आणि त्यावरही उत्तम खेळता येते. यंत्र ६० ला पोचत असेल तर खेळातली मर्यादा ६० वर ठेवा; जास्तीची चित्रे पडद्याला पूर्ण दाखवता येत नाहीत आणि यंत्र फुकट तापते. यंत्र ४० ते ५५ मध्ये भटकत असेल तर सावल्यांचा दर्जा एक पायरी उतरवून ते ६० वर स्थिर होते का ते पाहा. नाहीच झाले तर मर्यादा ३० वर घाला. ऐकायला हा उलटा उपाय वाटतो. पण प्रत्येक चित्र नेमके दोन फेऱ्या टिकले म्हणजे हालचाल एकसारखी होते, आणि कधी एक तर कधी दोन फेऱ्या अशा अडखळण्यापेक्षा डोळ्यांना ते सुसह्य वाटते. विंडोजची मोठी सुधारित आवृत्ती बसल्यावर किंवा ड्रायव्हर नव्याने टाकल्यावर पडद्याची चाल कधीकधी आपोआप ६० वर परत जाते. तेव्हा खेळ एकाएकी बिघडलेला दिसला तर पहिल्याने तीच यादी पुन्हा उघडून पाहावी.